‘जगाला दाखवता, मग डॉक्टरांना का नाही?’ याचं उत्तर

सध्या ग्रुपाग्रुपांतून एक मजकूर फिरतोय. म्हणणं थोडक्यात असं: मानसिक आजाराच्या रुग्णांची फेसबुक-इन्स्टाग्राम खाती थेट डॉक्टरांच्या यंत्रणेला जोडून टाका. जे जगाला दाखवता ते डॉक्टरांपासून काय लपवायचं? रुग्णांची हरकत नसतेच, एआय आजार आधीच ओळखतो, जीव वाचतात, आणि गैरवापर झालाच तर कायदा आहे. पाठवणाऱ्यांना कळकळ असेल. मुद्दे मात्र टिकत नाहीत.

‘जगाला दाखवता.’ कुठे दाखवतो? क्लोज फ्रेंड्सची स्टोरी असते, टोपणनावाचं दुसरं खातं असतं, मामा-काकांना वगळून ठेवलेलं स्टेटस असतं. कोणी बघायचं हे टाकणाऱ्यानं ठरवलेलं असतं. ओपीडीत आई किंवा नवरा मोबाइल पुढे करतो, ‘हे बघा डॉक्टर, रात्री दोन वाजता काय टाकलंय हिनं.’ मग समोरची मुलगी गप्प होते ती होतेच. तीच पोस्ट तिनं आपणहून दाखवली असती तर बोलणं तिथूनच सुरू झालं असतं. तोंडानं सांगता येत नाही म्हणून असं दाखवणारे रुग्ण असतातही.

‘रुग्णांची हरकत नसते.’ फिलाडेल्फियातल्या संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खातं असलेल्या १,४३२ रुग्णांना विचारलं होतं, तुमच्या पोस्ट वैद्यकीय नोंदींशी जोडून पाहू का? १,००८ जण हो म्हणाले, म्हणजे सुमारे ७१ टक्के. आकडा मोठाच आहे. पण हा होकार संशोधनासाठी होता आणि प्रत्येकाला विचारून घेतलेला होता. तरीही चारशेवर लोकांनी नाही म्हटलं. खाती सरसकट जोडली तर या चारशेंचं काय करायचं, यावर मजकुरात अवाक्षर नाही.

‘एआय आधीच ओळखतो.’ हा दावा बहुधा २०१८च्या अभ्यासावरून आलाय. त्यात ६८३ रुग्णांच्या फेसबुक पोस्ट तपासल्या; त्यांतल्या ११४ जणांच्या नोंदीत नैराश्याचं निदान होतं. निदानाआधीच्या पोस्टवरून अंदाज आला खरा, पण नेमकेपणा ०.६९च्या आसपास. म्हणजे एक नैराश्यग्रस्त आणि एक नसलेला अशा शंभर जोड्या दिल्या, तर यंत्र साधारण ६९ वेळा बरोबर बोट दाखवेल. नाणं उडवलं तरी पन्नास जमतात! शिवाय ते सगळं इंग्रजीत. एकटेपणाच्या, दुःखाच्या शब्दांसोबत ‘मी’ किती वेळा येतो, हीही तिथे एक खूण होती. मराठी माणूस ‘कंटाळा आलाय, झोप नाही’ लिहून मोकळा होतो. त्यात ‘मी’ शोधत बसा.

‘जीव वाचतात.’ कधी कधी वाचतात. ऑगस्ट २०२० मध्ये फेसबुकच्या आयर्लंडमधल्या कार्यालयानं दिल्ली पोलिसांना कळवलं आणि मुंबईत आत्महत्येच्या विचारात असलेल्या एका माणसापर्यंत वेळेत पोचता आलं. पण ती ऐन संकटात घेतलेली धाव होती. रोजची पाळत वेगळी. पाळतीचा प्रयोग ब्रिटनमध्ये होऊन गेलाय. आत्महत्या रोखण्यासाठी काम करणाऱ्या सॅमॅरिटन्स या नावाजलेल्या संस्थेनं २९ ऑक्टोबर २०१४ला ‘रडार’ सुरू केलं. तुम्ही फॉलो करत असलेल्या कोणी ‘स्वतःचा तिरस्कार वाटतो’, ‘एकटेपणाचा कंटाळा आला’ अशा अर्थाचं ट्विट केलं की तुम्हाला ईमेल यायचा. ज्याचं ट्विट, त्याला पत्ताच नाही. आणि फॉलो करणाऱ्यांत मित्र जसे असतात तसे छळणारेही असतात. त्यांना तर सावज कधी खचलंय याची आयती खबर. सर्वांत जोरात ओरडले ते मानसिक आजारातून जाणारेच लोक. आता ट्विटरवर मोकळेपणानं लिहिता येणार नाही, असं ते सांगू लागले. ७ नोव्हेंबरला, दहा दिवसांच्या आत, रडार थांबवावं लागलं.

‘कायदा आहे.’ २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातला गोपनीयतेचा हक्क डिजिटल माहितीलाही लागू आहे, हे खरं. पण तो आरोग्य आणि उपचारांसंबंधीच्या माहितीपुरता. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातून, व्यक्तीनं स्वतः जाहीर केलेली माहिती वगळलेली आहे, आणि त्याचं उदाहरण म्हणून कायद्यात दिलंय ते समाजमाध्यमावर आपली मतं लिहिणाऱ्या माणसाचंच. तेव्हा उघड खात्यावरची पोस्ट कोणी उचलली, तर ज्या कायद्याच्या भरवशावर हा मजकूर फिरतोय, तो तिथे लागूच होत नाही.