काटकोनात उतरणारा माणूस

पुण्याहून कोल्हापूर साधारण २३० किलोमीटर आहे आणि या रस्त्यावरचा प्रत्येक टप्पा माझी कंबर डोळे मिटून सांगू शकते. खंबाटकी घाट चढेपर्यंत ती गप्प असते, साताऱ्याच्या अलीकडे कुरकुरू लागते, आणि कऱ्हाडला चहासाठी थांबावे तर मी गाडीतून बसलेल्याच आकारात उतरतो. दार उघडते, आधी एक पाय बाहेर येतो, मग डोके येते, आणि मागोमाग धड व मांड्या यांचा काटकोन जसाच्या तसा डांबरावर येऊन ठेपतो. गेल्या दिवाळीत मी असा वाकून उभा असताना टपरीवरच्या मुलाने "काही पडलंय का, काका?" असे विचारले आणि तो माझ्याबरोबर जमिनीवर शोधू लागला. मीही थोडा वेळ शोधले, कारण सरळ व्हायला अजून दोन मिनिटे तरी लागणार होती.

आमची गाडी लहान आहे, वापरलेली घेतली आहे आणि माझी उंची पाच फूट अकरा इंच आहे. या तिन्ही गोष्टी एकमेकींना न विचारता एका घरात आल्या. गेली तीन वर्षे मी ती चालवताना केस छताच्या कापडाला घासत असत आणि गुडघे स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंना तबल्या-डग्ग्यासारखे मांडलेले असत. चौकात सर्वांत पुढे उभे राहण्याची वेळ आली, की सिग्नलचा दिवा काचेच्या वरच्या कडेआड जाई, आणि तो हिरवा झाल्याची वार्ता मला मागच्या वाहनांच्या हॉर्नवरूनच कळे.

दुखणे सांगितले की औषध सुचवणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. पहिला इलाज म्हणून लाकडी मण्यांचे आसन आणले, ज्याने पाठीला वारा लागतो असे सांगण्यात आले होते. वारा लागला की नाही ते कळले नाही, पण घरी परतल्यावर पाठीवर उमटलेल्या मण्यांच्या ओळी बायकोने मोजून दाखवल्या. नंतर कमरेमागे बांधायची मेमरी फोमची उशी चौदाशे रुपयांना घेतली. नावातच स्मरणशक्ती असलेल्या या उशीला स्वतःची जागा मात्र आठवत नसे. कात्रजला ती कमरेला असे आणि शिरवळ येईपर्यंत घसरून अशा ठिकाणी पोहोचलेली असे, की तिच्यावर बसल्याशिवाय गत्यंतर नसे. मानेच्या उशीने डोके इतके पुढे ढकलले, की मी सतत कोणाला तरी खाली वाकून नमस्कार करत चाललो आहे असे बाहेरून दिसू लागले. शेवटी सीट कव्हर शिवणाऱ्याने "साहेब, सोफा करून देतो" असे म्हणत बैठकीत फोमचा आणखी एक थर भरला. सोफा उत्तम झाला होता, फक्त तो छताच्या दोन इंच अधिक जवळ आला होता. आठवड्याभराने मी तो थर पुन्हा काढून घेतला आणि काढण्याचेही पैसे दिले.

माझी भाची फिजिओथेरपिस्ट आहे. तिने ही सगळी खरेदी जमिनीवर मांडून पाहिली आणि मला स्वीडनच्या आल्फ नाकेमसन यांची हकिकत ऐकवली. या अस्थिरोगतज्ज्ञांनी १९६० च्या दशकात माणसांच्या कमरेतील मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून तिथला दाब मोजला, आणि आधाराशिवाय बसलेल्या माणसाच्या चकतीवर उभ्या माणसापेक्षा जास्त दाब येतो असे त्यांना आढळले. पाठ किंचित मागे रेलली आणि कमरेच्या खोलगट भागाला आधार मिळाला, तर तो दाब उतरतो. ही मोजणी करून घ्यायला माणसे तयार कशी झाली, हे मला अजून उमगलेले नाही. भाचीचे म्हणणे असे, की आपण सीटवर पुढे सरकून बसलो की कमरेखालचा हाडांचा सांगाडा मागे कलतो, कमरेची नैसर्गिक कमान सपाट होते, आणि मग मागे चौदाशेची उशी लावा की चौदा हजारांची, ती रिकाम्या जागेलाच टेकू देत बसते.

तरीही मी एक शेवटचा प्रयोग करून पाहिला. सीटच्या पुढच्या बोल्टांखाली जाड वायसर घातले की मांड्यांना आधार मिळतो, असे कोणीतरी छातीठोकपणे सांगितले होते. गॅरेजमधल्या मिस्त्रीने ते ऐकून हातातला पाना खाली ठेवला आणि मला पट्ट्याचे बकल दाखवले. ते सीटच्या सांगाड्यालाच जोडलेले होते. "धडक बसली तर तुमचा सगळा भार या बोल्टांवर येणार, साहेब. वायसर लावून देईन, पण नंतर तुम्हाला शोधायला पुढच्या काचेबाहेर यायला लागेल," असे सांगून तो दुसऱ्या गाडीखाली गेला.

अखेर आमच्या खालच्या मजल्यावरचे काका धावून आले. ते एसटीतून निवृत्त झालेले चालक आहेत. पहिली एसटी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला गेली, हे ते अशा थाटात सांगतात की जणू तिचे चाक त्यांच्याच हातात होते. त्यांचा जन्म त्यानंतर सहा वर्षांनी झाला. त्यांनी गाडीचे दार उघडले, मला आत बसवले, काही क्षण मूकपणे पाहिले आणि सीटच्या उजव्या बाजूच्या दांड्याकडे बोट दाखवून हा कशाचा, असे विचारले. तो बिघडलेला आहे, असे मी सांगितले, कारण गाडी घेतली तेव्हा मी तो एकदा खाली दाबून पाहिला होता आणि काहीही घडले नव्हते.

"एकदा दाबून पाणी येतं का? हापशी आहे ती, हापसा!" काका कडाडले.

मी हापसू लागलो. प्रत्येक हापशाला सीट बोटभर खाली जात होती, आणि पाचव्या हापशाला छत व डोके यांच्यामध्ये माझी मूठ सहज फिरू लागली. समोरच्या इमारतीची गच्ची मी आमच्या गाडीतून प्रथमच पाहिली.

पुढचा पाऊण तास त्यांनी मला शिकाऊ उमेदवारासारखे राबवले. आधी बूड पार मागे, बैठक आणि सीटची पाठ यांच्या सांध्याला भिडेपर्यंत रेटायचे. मग क्लच तळापर्यंत दाबायचा आणि त्या वेळीही गुडघ्यात थोडा बाक उरेल इतपतच सीट मागे सरकवायची. नंतर खांदे न उचलता हात लांब करायचा. मनगट स्टिअरिंगच्या माथ्यावर टेकले पाहिजे, आणि टेकत नसेल तर सीटची पाठ उभी करत आणायची. माझी पाठ तोवर आरामखुर्चीच्या कोनात होती आणि मी स्टिअरिंगला लोंबकळत होतो, हे त्यातून निष्पन्न झाले. इथेच लहान गाडीची खरी मेख निघाली, कारण आमचे स्टिअरिंग फक्त वरखाली होते, जवळ येत नाही. पायांना न्याय दिला की हातांवर अन्याय होतो. बराच खल होऊन सीट एक खाच पुढे आणि पाठ दोन खाचा उभी, अशी तडजोड ठरली. हेडरेस्टवर काकांनी मला डोके टेकू दिले नाही. मागून कोणी ठोकले तर मान झटक्याने मागे जाऊ नये म्हणून ते असते, तेव्हा त्याची वरची कड डोक्याच्या माथ्याशी आली पाहिजे, असे त्यांनी बजावले. माझे तीन वर्षे मानेच्या तळाशी होते.

एवढ्यात बायको खाली आली आणि सर्व पाहून सहजपणे म्हणाली, "अहो, ती सीट मीच वर केली होती, पहिल्याच दिवशी. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे."

तिची उंची पाच फूट एक इंच आहे. तिला सीट वर हवी, पुढे हवी, आणि तरीही एअरबॅगच्या भयाने छाती व स्टिअरिंग यांच्यात २५ सेंटिमीटर, म्हणजे काकांच्या मापात एक वीत आणि दोन बोटे, अंतर हवे. एकाच सीटवर दोन संसार मांडायचे असल्यामुळे तिने नेलपॉलिशच्या दोन बाटल्या आणल्या. आता सीटखालच्या रुळावर लाल ठिपका तिचा आहे आणि मोरपंखी ठिपका माझा आहे. ठिपक्यांमध्ये सहा खाचा आहेत; तिच्यानंतर मी बसलो, तर सहा टकटक मागे आणि पाच हापसे खाली, असा हिशेब आम्ही डॅशबोर्डच्या कप्प्यात लिहून ठेवला आहे. महागड्या गाड्यांत यासाठी एक बटण असते असे ऐकतो.

पुढच्या कोल्हापूरवारीला काकांनी निघताना आणखी एक युक्ती दिली. ताठ बसून आतला आरसा लावायचा, आणि वाटेत मागची काच अर्धीच दिसू लागली, तर आरशाला हात लावायचा नाही, आपणच सरळ व्हायचे. साताऱ्यापर्यंत आरशाने मला चार वेळा पकडले. कऱ्हाडला टपरीपुढे गाडी उभी केली, दार उघडले आणि मी उतरलो तो उभाच उतरलो. या पराक्रमाकडे कोणाचेही लक्ष गेले नाही, म्हणून मी एकदा पुन्हा बसून उतरलो.

मग वळसा घालून आईचे दार उघडायला गेलो. लहान गाड्यांत बहुधा हापशी चालकाच्याच सीटला देतात. आमच्या डाव्या सीटला ती नाही, त्यामुळे शहात्तर वर्षांची आई पुण्यापासून खोल बसून नुसते आभाळ आणि जाहिरातींचे फलक पाहत आली होती. आधी एक पाय बाहेर आला, मग डोके आले, आणि मागोमाग सुती साडीतला एक नीटस काटकोन डांबरावर येऊन ठेपला.

टपरीवरचा मुलगा धावत आला आणि जमिनीकडे पाहू लागला.