मडकी, रांजण आणि न सापडलेला राजवाडा

सप्रेम नमस्कार,

प्राचीन सायप्रसवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, म्हणून दुसऱ्यांदा. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: खापरं बदलली म्हणजे माणसं बदलली, हा जुनापुराणा तर्क मी पुन्हा चालवला. राजवाडा सापडत नाही एवढ्यावरून 'राजा नव्हताच' असं ठोकून दिलं. आणि सगळी गोष्ट तांब्याभोवती फिरवली, त्यात शेतकऱ्याचा पत्ताच नाही. यातल्या दुसऱ्या मुद्द्यावर तुम्ही मला बरोबर पकडलंत, तिसऱ्यावर अर्धंमुर्धं. पहिल्यावर मात्र मी भांडणार आहे.

इ.स.पू. २४०० च्या सुमारास बेटावर जे बदललं, ते नुसत्या मडक्यांपुरतं नाही. खिरोकितिया या सुरुवातीच्या शेतकऱ्यांच्या गावाच्या काळापासून हजारो वर्षं तिथे गोल घरं बांधत. आता काटकोनी, अनेक खोल्यांची घरं आली. गाईबैल पहिल्या शेतकऱ्यांनी बेटावर आणले होते, पण पुढे ते तिथून नाहीसे झाले होते. ते परतले, सोबत गाढव आणि नांगर. डेव्हिड फ्रँकेल आणि जेनिफर वेब या पुरातत्त्वज्ञांनी मार्की या गावात वर्षानुवर्षं खोदकाम केलं. त्यांचा युक्तिवाद मला पटतो तो एका साध्या कारणासाठी. पाहुण्यांपुढे मांडायचं झकपक भांडं बाजारातून येऊ शकतं. पण टकळीवर सूत कसं कातायचं, चुलीवर भांडं कसं बसवायचं, हे हात आईच्या नाहीतर आजीच्या शेजारी बसून शिकतात. मार्कीत टकळीच्या मातीच्या चकत्या, स्वयंपाकाची भांडी आणि चुलीची मांडणी ही सगळीच नव्या वळणाची आहेत आणि त्यांचे धागे समोरच्या अनातोलियाकडे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानकडे, जातात. म्हणून माणसं आली, असं मी म्हणतो. किती आली? फौज यायची गरज नव्हती. थोडी कुटुंबं आणि लग्न होऊन घरोघर गेलेल्या मुली पुरेशा आहेत. बर्नार्ड नॅप यांच्यासारखे अभ्यासक 'आलेले' आणि 'मूळचे' अशी सरळ विभागणी मानत नाहीत, दोघांच्या सरमिसळीवर भर देतात. तो मतभेद लेखात यायला हवा होता, हे कबूल.

तुम्ही पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्खननाचा दाखला दिलात, तो चपखल आहे. तिथे उलट घडलं: चौकोनी घरं जाऊन उत्तर जोर्वे काळात, म्हणजे वस्तीच्या शेवटच्या टप्प्यात, गोल झोपड्या आल्या आणि तिथे उत्खनन करणाऱ्या ढवळीकरांनी त्याचा संबंध कोरड्या होत गेलेल्या हवामानाशी आणि हलाखीशी जोडला. म्हणजे नुसत्या घराच्या आकारावरून काही सांगू नये, हा तुमचा इशारा योग्यच. मी आकारावर थांबलो नाही, एवढंच म्हणणं.

आता राजा. त्यासाठी सुमारे हजार वर्षं पुढे यावं लागेल. इजिप्तमधल्या अमार्नाला सापडलेल्या, फराओच्या दप्तरातल्या पत्रांत अलाशियाचा, म्हणजे सायप्रसचा, राजा फराओला सरळ 'भाऊ' म्हणतो. एका पत्रात तो ५०० तांबे पाठवल्याचं लिहितो. ५०० काय, ते एकक लिहिलेलंच नाही! वर 'कमी आहे म्हणून मनाला लावून घेऊ नकोस' अशी विनवणी: रोगराईच्या नेर्गल देवाचा हात देशावर पडला आणि तांबं करणारी माणसं मेली. मग त्याच पत्रात भरपूर चांदीची मागणी, एक बैल हवा आणि गिधाडांवरून शकुन सांगणारा जाणकारही. २००३ साली युवाल गोरेन आणि सहकाऱ्यांनी या मातीच्या पत्रांचीच माती तपासली, तेव्हा ती सायप्रसमधल्या त्रोदोस डोंगराच्या दक्षिण पायथ्याकडची निघाली. तेव्हा राजा होता, निदान परदेशी पत्रव्यवहारापुरता तरी. 'नव्हताच' हा शब्द माझा आगाऊपणा.

पण घरात तो किती मोठा होता? बेटाच्या पूर्वेकडच्या एन्कोमी या शहरात श्रीमंतांची थडगी घरांच्या खाली, अंगणात, गावभर विखुरलेली आहेत. वेगळं राजघराण्याचं दफनस्थान नाही. एकाच घराण्याच्या हाती सगळं असतं तर थडग्यांतलं सोनं असं गावभर विखुरलं नसतं. फराओशी 'भाऊ' म्हणून बोलणारा माणूस आपल्या बेटावर बड्या घराण्यांतला एक असू शकतो. मला तरी तसंच वाटतं.

शेतकऱ्याच्या मुद्द्यावर मी खरंच आळस केला. तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ उलुबुरुनला बुडालेल्या जहाजात सायप्रसचं सुमारे दहा टन तांबं होतं, त्यात बैलाच्या ताणून वाळवलेल्या कातड्याच्या आकाराच्या ३५४ लगडी. आकडा डोळे दिपवतो आणि लिहिणारा तिथेच अडकतो, तसा मीही अडकलो. खाणीतल्या आणि भट्टीवरच्या माणसांना कोण खाऊ घालत होतं, याचं उत्तर बेटाच्या दक्षिणेकडच्या कालावासोसला आहे. घडीव दगडांच्या मोठ्या इमारतीत पुरुषभर उंचीचे रांजण रांगेने उभे होते. खापरांत मुरलेल्या अवशेषांची रासायनिक तपासणी झाली तेव्हा ते ऑलिव्ह तेल निघालं. साठवणीचा अंदाज ५०,००० लिटरच्या घरात जातो. हे एका घराचं तेल नव्हे. आसपासच्या झाडांचं, घाण्यांचं, पाठीवर वाहून आणणाऱ्यांचं ते तेल एका छपराखाली जमा होत होतं. ते जमा करू शकणाराच तांब्याचा व्यवहार चालवू शकत होता. म्हणजे तांब्याच्या आधी रांजण. लेखात मी हा क्रम उलटा लावला होता. इ.स.पू. १२०० च्या सुमारास कालावासोस ओस पडलं आणि एन्कोमी मात्र पुन्हा बांधलं गेलं. त्यावर वेगळं लिहीन.

शेवटी तुम्ही विचारलंत, वूनूस या जुन्या दफनभूमीतली ती मातीची छोटी प्रतिकृती कुठे आहे? निकोशियाच्या संग्रहालयात. पुरातत्त्वज्ञ पोर्फिरिओस दिकाइओस यांना ती १९३१ मध्ये एका थडग्यात मिळाली. गोल आवार, आत उभी-बसलेली माणसं, दाराजवळ कोंडलेले बैल, एक जण उंच आसनावर. नीट पाहिलंत तर भिंतीच्या बाहेरून एक जण वर चढून आत डोकावतोय. त्याला आत का घेतलं नाही, यावर तुमचं मत ऐकायला आवडेल.