लव, कणकेचा गोळा आणि आईच्या माथी मारलेला दोष

‘बाळाच्या अंगावर लव म्हणजे आईने गरोदरपणी उष्ण खाल्लं. सव्वा महिना कणकेचा गोळा फिरवा, मुळापासून जाते. नाही काढली तर मुलगी मोठेपणी केसाळ होते. बाईच्या अंगावर अशी लव आली तर पीसीओडीच समजा.’ हा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय.

आधी आईचं खाणं. ही लव पोटातल्या प्रत्येक बाळाला येते, मग आईने बाजरी खाल्लेली असो की ताक प्यालेली. पाचव्या महिन्यापर्यंत ती अंगभर पसरते. जन्मलेल्या बाळाच्या अंगावरचा पांढरा चिकट थर पोटात असताना या लवेमुळेच त्वचेला धरून राहतो, आणि गर्भजलात असूनही कातडी खराब होत नाही. सातव्या-आठव्या महिन्यापासून लव गळू लागते. बाळ गर्भजलाबरोबर ती गिळतं; पहिल्या काळपट शीमध्ये हे केस असतात. कमी दिवसांचं बाळ लव गळण्याआधीच जन्मतं, म्हणून त्याच्या अंगावर ती जास्त दिसते. बाळ किती आठवड्यांचं आहे याचा अंदाज घेताना डॉक्टर इतर खुणांबरोबर लवही बघतात.

जन्मानंतर उरलेली लव काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत आपोआप झडते. सव्वा महिना गोळा फिरतो तोही याच दिवसांत, म्हणून श्रेय त्याला. केसाचं मूळ कातडीच्या आत असतं, तिथवर कणीक पोहोचत नाही. जोरात चोळलं की पुरळ आणि ओरखडे मात्र नक्की. हलक्या हाताने तेल लावायला कोणाची ना नाही.

मुलगी केसाळ होण्याची भीती निराधार आहे. मोठेपणीचे केस आनुवंशिकतेवर आणि हार्मोन्सवर ठरतात. (मुलाच्या लवेची काळजी या मजकुराला नाही, हेही बघा.)

पीसीओडीत, म्हणजे बाईच्या अंडाशयाशी निगडित हार्मोन्सच्या बिघाडात, हनुवटीवर, ओठावर, छातीवर येतात ते राठ, काळे केस. मऊ लवेचं कारण बहुधा वेगळं असतं. अ‍ॅनोरेक्सियात, म्हणजे वजनाच्या धास्तीने खाणं तोडून शरीर खंगतं तेव्हा, पाठीवर, हातांवर, गालांवर अशी लव येते. फेनिटॉइन (फिट्सवरचं), सायक्लोस्पोरिन (प्रतिकारशक्ती दाबणारं), मिनॉक्सिडिल (केस उगवायला टकलावर लावतात ते) या औषधांनीही अंगावर केस वाढतात. स्पेनमध्ये 2019 साली अ‍ॅसिडिटीच्या औषधाच्या जागी चुकून मिनॉक्सिडिल गेलं आणि डझनाहून जास्त बाळांच्या अंगावर केस उगवले. मोठ्या माणसाच्या चेहऱ्यावर, अंगावर अचानक दाट लव आली, तर क्वचित पोटातल्या किंवा फुफ्फुसाच्या कर्करोगाची ती खूण असते. अशा वेळी पार्लर नव्हे, डॉक्टर गाठायचा.