ग्राहकाला फसायलाच आवडते, हा जेसी पेनीचा धडा नव्हे

विक्रीकला आणि ‘ग्राहकाचे मन’ या विषयांवरच्या मजकुरात एक गोष्ट वर्षानुवर्षे फिरते आहे. जेसी पेनी या अमेरिकेतील जुन्या डिपार्टमेंट स्टोअरने 2012 मध्ये कूपने आणि सततचे सेल बंद करून वस्तूंवर एकच प्रामाणिक भाव लिहिला. ग्राहक पळाले, विक्री एक चतुर्थांशाने घटली, हा प्रयोग करणारे कंपनीचे प्रमुख रॉन जॉन्सन सतरा महिन्यांत घरी गेले आणि पुढे कंपनीचे दिवाळे निघाले. त्यावरून तात्पर्य असे काढले जाते की, ग्राहकाला स्वस्त वस्तू नको असते, ती स्वस्तात मिळाल्याचा भास हवा असतो. तेव्हा भाव फुगवून सूट देणारा दुकानदार फसवत नसून गिऱ्हाइकाला हवे तेच देत असतो. यातील विक्री घटल्याचा भाग खरा आहे. सुमारे 17.3 अब्ज डॉलरची वार्षिक विक्री 2012 मध्ये 13 अब्जांवर आली आणि तोटा 98.5 कोटी डॉलरपर्यंत गेला. तात्पर्य मात्र या आकड्यांतून निघत नाही.

पहिला दावा असा की, तोच माल कमी भावात देऊ केला तरी ग्राहकाने तो नाकारला. हा दावा साध्या हिशोबापुढे टिकत नाही. योजना मांडताना जॉन्सन यांनीच सांगितले होते की, टॅगवरच्या पूर्ण किमतीला होणारी विक्री एक टक्काही नाही, जवळजवळ तीन चतुर्थांश विक्री निम्म्या किंवा त्याहून अधिक सवलतीत होते आणि दहा वर्षांत सरासरी सूट 38 टक्क्यांवरून 60 टक्क्यांवर गेली आहे. याचा अर्थ एका शर्टावर लावून पाहू. ज्या शर्टाचे शेवटी 16 डॉलर हाती यायला हवेत, त्यावर 38 टक्के सवलतीच्या काळात सुमारे 26 डॉलरचा टॅग पुरत असे; 60 टक्क्यांच्या काळात त्याच शर्टावर 40 डॉलर लिहावे लागतात. गिऱ्हाइकाच्या खिशातून जाणारे 16 डॉलर तेवढेच राहिले, फुगला तो टॅग. आता नव्या योजनेची घोषणा काय होती? आदल्या वर्षीच्या टॅगपेक्षा किमान 40 टक्के कमी भाव. म्हणजे 40 डॉलरचा शर्ट 24 डॉलरला. काही वस्तूंचे भाव याहून खाली उतरले, हे मान्य. पण जी बाई रविवारच्या वर्तमानपत्रातील कूपन कापून पर्समध्ये जपून ठेवत असे आणि सेलचा दिवस साधूनच दुकानात पाऊल टाकत असे, तिच्या दृष्टीने, सरासरीचा हिशोब धरला तर, 16 ची वस्तू 24 ची झाली होती. ती दुकानाबाहेर पडली तेव्हा तिच्या मनाचा नव्हे, तिच्या अंकगणिताचा विजय झाला होता. या गोष्टीत तिलाच भाबडी ठरवले जाते, हे विशेष.

दुसरा दावा नव्या भावांच्या साधेपणाचा. प्रत्यक्षात भाव तीन प्रकारचे होते: लाल टॅगचा रोजचा भाव, पांढऱ्या टॅगचा महिनाभराचा भाव आणि निळ्या टॅगचा ‘सर्वोत्तम’ भाव, जो महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या शुक्रवारी, म्हणजे पगाराच्या सुमारास लागू होत असे. ज्या भावाचा अर्थ लावण्यासाठी रंग आणि पंचांग दोन्ही पाहावे लागते, त्याला साधा भाव म्हणणे जड जाते. महिनाभराच्या भावाचा प्रकार तर कंपनीला त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये मोडीत काढावा लागला.

तिसरा दावा, म्हणजे लोकांना सवलतीचा भासच हवा असतो हा, यातील सर्वांत वजनदार आहे आणि त्यात तथ्यही आहे. अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर यांनी 1985 मध्येच दाखवले होते की, वस्तूच्या उपयोगापासून मिळणारे समाधान आणि ‘सौदा चांगला झाला’ याचे समाधान या दोन वेगळ्या गोष्टी असतात. भाजीबाजारात घासाघीस करून दहा रुपये सुटले की आपल्यालाही बरे वाटते. पण या समाधानाला कुठला तरी मूळ भाव टेकू म्हणून लागतो, आणि तो भाव खरा आहे असे ग्राहक धरून चालतो. दुकानातील टॅग वर्षानुवर्षे फुगवलेला असेल, तर शिवणकाम, कापड आणि टिकाऊपणा पारखण्याचे साधन नसलेल्या माणसाच्या हाती ‘इतके टक्के सूट’ हे एकच माप उरते. जेसी पेनीने ते माप एका दिवसात काढून घेतले. मेसीज आणि कोल्स ही प्रतिस्पर्धी दुकाने मात्र शेजारी तेच माप घेऊन उभी होती. एका दुकानात 24 डॉलर एवढेच लिहिलेले आणि दुसऱ्यात 50 वर काट मारून 25. ज्या कंपनीने आदल्या महिन्यापर्यंत स्वतःचेच टॅग खोटे असल्याचे कृतीने शिकवले होते, तिच्या नव्या टॅगवर लोकांनी लगेच विश्वास ठेवावा, ही अपेक्षाच मुळात अवाजवी होती. याला फसवणुकीची आवड म्हणायचे की फसवणुकीचा अनुभव?

बदलले ते फक्त भावच, हे गृहीतकही चुकीचे आहे. त्याच काळात कंपनीचे नाव आणि बोधचिन्ह बदलले, दुकानांची मांडणी मोडून ‘दुकानात दुकाने’ उभारायला सुरुवात झाली, सेंट जॉन्स बेसारखे नेहमीच्या गिऱ्हाइकाचे खात्रीचे ब्रँड मागे सारले गेले आणि हजारो कर्मचारी कमी झाले. या सगळ्याची आधी काही दुकानांत चाचणीही घेतली गेली नाही. इतक्या गोष्टी एकदम हलवल्यावर घसरणीचे कारण एकट्या भावांच्या माथी मारता येत नाही. कोणत्या गोष्टीने किती नुकसान केले, हे त्या प्रयोगातून वेगळे काढणेच अशक्य आहे.

दिवाळ्याचा मुद्दा तर एका परिच्छेदापुरताही नाही. जॉन्सन एप्रिल 2013 मध्ये गेले, कूपने आणि सेल लगेच परत आले, आणि दिवाळखोरीचा अर्ज मे 2020 मध्ये, करोनाच्या टाळेबंदीत झाला. मधली सात वर्षे कंपनी जुन्याच पद्धतीने चालत होती. सवलतींवरच जगणारी बॉन-टन आणि सिअर्स ही दुकाने तर 2018 मध्येच दिवाळखोरीत गेली होती.

‘प्रामाणिक भावावर दुकान चालतच नाही’ या वाक्याला उत्तर द्यायला अमेरिकेतील ट्रेडर जोज ही किराणा दुकानांची साखळी पुरेशी आहे: तिथे कूपन नाही, सेल नाही, सभासद कार्डही नाही, तरी दुकानांची संख्या शेकड्यांत आहे. आपल्याकडे 2002 मध्ये पवईत पहिले दुकान उघडणाऱ्या डीमार्टने ‘रोजच कमी भाव’ याच धोरणावर बस्तान बसवले. डीमार्टच्या टॅगवर छापील किमतीपेक्षा किती वाचले हे लिहिलेले असते, असा आक्षेप कोणी घेईल. पण बिस्किटाच्या पुड्यावरची एमआरपी सर्व करांसह धरलेली कमाल मर्यादा असते आणि ती उत्पादक छापतो; दुकानदाराला ती सेलच्या आदल्या रात्री चढवता येत नाही. ती सरकार ठरवते, हा समज मात्र बहुतेक वस्तूंच्या बाबतीत खोटा आहे. आणि मॉलमधील ज्या कपड्यांवर दुकानाचा स्वतःचाच ब्रँड असतो, तिथे छापणारा आणि काट मारणारा एकच असल्यामुळे आपली एमआरपीदेखील अमेरिकी टॅगइतकीच पोकळ होऊ शकते. ‘दोनवर दोन मोफत’ची पाटी पाहताना हा फरक ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

राहता राहिले शेवटचे पालुपद: दुकानदार गिऱ्हाइकाला हवे तेच देतो, मग त्याचा दोष काय? गिऱ्हाइकांनी स्वतः याचे उत्तर न्यायालयात जाऊन दिले आहे. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार जाहिरातीतील ‘आधीची किंमत’ ही लगतच्या तीन महिन्यांत बाजारात खरोखर चालू असलेली किंमत असावी लागते. याच आधारावर झालेल्या सामूहिक दाव्यात जेसी पेनीने दोष मान्य न करता 2015 मध्ये 5 कोटी डॉलरची तडजोड केली. तो दावा नोव्हेंबर 2010 ते 31 जानेवारी 2012 या काळातील खरेदीचा होता, म्हणजे जॉन्सन यांची योजना सुरू होण्याच्या आदल्या दिवसापर्यंतचा. ज्या सवलतींसाठी ग्राहक आसुसलेला होता असे सांगितले जाते, त्याच सवलती खोट्या होत्या म्हणून ग्राहक भांडत होता. डिसेंबर 2016 मध्ये लॉस एंजेलिसच्या शहर वकिलांनी जेसी पेनीसह सिअर्स, मेसीज आणि कोल्स यांच्यावर याच मुद्द्यावर दावे लावले.

सेल बंद करा, असे यातील कोणीही म्हणत नव्हते. युरोपीय संघात मे 2022 पासून लागू झालेला नियमही सेलला हात लावत नाही. सवलत जाहीर करताना आधीचा भाव म्हणून किमान मागील 30 दिवसांतील सर्वांत कमी भाव दाखवावा, एवढेच तो सांगतो. तिथली दुकाने या नियमानंतरही सेल लावतात आणि गिऱ्हाईकही येते.