‘उतरतंच’ मधला ‘च’

वाईकर, नमस्कार. उत्तराला चार दिवस लागले, कारण तुमचा एक मुद्दा मला खरोखरच अडला होता.

घाट चढल्यावर गारवा का लागतो, या लेखात मी लिहिलं होतं की दर किलोमीटर उंचीला तापमान साडेसहा अंश उतरतंच. तुम्ही त्याला ‘पुस्तकी गणित’ म्हणालात. एक तर उंचावर गेलं की आपण सूर्याच्या जवळ जातो, मग गारवा कसा? दुसरं, वेण्णा लेक महाबळेश्वरच्या बाजारपेठेपेक्षा खाली, तरी हिमकण दिसतात ते तिथेच.

सूर्याचं आधी उरकतो. तो 15 कोटी किलोमीटरवर. महाबळेश्वर चढून आपण त्यातले दीड किलोमीटरही वाचवत नाही. शिवाय पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, आपण स्वेटर घालून बसतो तेव्हा. ऊन हवेला थेट फारसं तापवत नाही. ते जमीन तापवतं आणि जमीन हवेला. म्हणजे चूल खाली आहे. तापलेली हवा वर चढते, वर दाब कमी म्हणून फुगते आणि फुगण्यात स्वतःचीच उष्णता खर्च करून गार होते. (पसरणी घाटात वेफर्सचं पाकीट टम्म होतं, ते याच कमी दाबामुळे.) कोरडी हवा अशी किलोमीटरला जवळपास 10 अंशांनी गार होते. ढग धरू लागले की वाफेचं पाणी होताना उष्णता सुटते आणि हा वेग बराच मंदावतो. साडेसहा ही सगळ्याची सरासरी.

आता वेण्णा लेक. इथे तुम्ही बरोबर आहात.

डिसेंबर-जानेवारीत आभाळ निरभ्र, वारा पडलेला, रात्र लांब. जमीन आपली उष्णता भराभर वर सोडते आणि तिला टेकलेली हवा गारठते. गार हवा जड. ती उतारावरून पाण्यासारखी ओघळत खोलगट जागी साचते. वेण्णा लेक आणि लिंगमळा म्हणजे तशीच ताटली. बाजारपेठ ताटलीच्या काठावर, म्हणून उबदार. भूगोलाच्या पुस्तकात याला तापमानाची विपरीतता म्हणतात. एकदा पहाटे तिथे जीपच्या टपावरचा पांढरा थर मी नखाने खरवडला आणि पंधरा मिनिटांनी बाजारात चहा पिताना मफलर काढून ठेवला. बातमीत पारा शून्याच्या बराच वर असतो तरी हिमकण कसे, असंही तुम्ही विचारलंत. तापमापक जमिनीपासून सव्वा मीटर उंच, सावलीच्या पेटीत असतो. गवताचं पातं आणि गाडीचा टप त्याहून कितीतरी थंड होतात. स्ट्रॉबेरीवाल्या शेतकऱ्याला या दोन आकड्यांतला फरक चांगलाच ठाऊक असतो.

तुमच्या बाजूने आणखी एक पुरावा मीच देतो. ‘पुणे महाबळेश्वरपेक्षा थंड’ ही बातमी दर हिवाळ्यात छापून येते आणि ती खरी असते, पण पहाटेपुरती. ऊन वर आलं, जमीन तापली की साचलेली हवा ढवळली जाते आणि दुपारपर्यंत पुणं पुन्हा महाबळेश्वरपेक्षा उबदार. पहाटे पाचगणीच्या टेबल लँडवरून खाली तुमच्या वाईवर धुक्याची चादर दिसते ना? तीही अशीच, साचलेल्या गार हवेवर बसलेल्या उबदार हवेच्या झाकणाखाली अडकलेली असते.

पाचगणीचा तुमचा टोमणाही मान्य. उंची जवळपास महाबळेश्वरएवढीच, मग पाऊस त्याच्या निम्माही का नाही? कारण कोकणातून चढणारी हवा महाबळेश्वरच्या कड्यावर गार होऊन रिती होते आणि पुढे पूर्वेकडे उतरताना पुन्हा तापते. उंचीइतकंच डोंगराची कुठली बाजू वाऱ्याला आहे, हेही पाहावं लागतं. हे मी लेखात लिहायलाच हवं होतं.

लेख दुरुस्त केला आहे. ‘उतरतंच’ चं ‘सरासरीने उतरतं’ झालं, वेण्णा लेकवर नवा परिच्छेद आला. ‘पुस्तकी’ तेवढं मागे घ्या. त्या टपावरचा बर्फ खरवडताना माझी बोटं चांगलीच बधिर झाली होती.