पूर्व लंडनची बाळंतपणं नुसत्या गरम पाण्यावर होत नव्हती

सध्या ग्रुपांवर फिरणारा मजकूर थोडक्यात असा: दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्व लंडनच्या पॉप्लर, स्टेपनीसारख्या बॉम्बहल्ल्यांत पडझड झालेल्या गरीब वस्त्यांत सुइणी सायकलवरून जायच्या आणि गरम पाणी नि टॉवेलांवर घरीच बाळंतपण करायच्या. औषध नाही, डॉक्टर नाही, तपासणी नाही, सगळं अनुभवावर चालायचं, तरी कुणाचं काही बिघडलं नाही. म्हणजे आजची हॉस्पिटलं हा निव्वळ धंदा. यातली सायकल आणि घर खरं आहे. बाकीचं एकेक पाहू.

‘कुणाचं काही बिघडलं नाही.’ १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंड-वेल्समध्ये दर हजार बाळंतपणांमागे चारच्या आसपास आया दगावत होत्या. १९५० येईतो हा आकडा एकाच्या खाली आला. गरम पाणी आणि टॉवेल दोन्ही काळांत होतेच. मधल्या पंधरा वर्षांत सल्फा औषधं आली आणि बाळंतज्वराची दहशत ओसरली. पाठोपाठ पेनिसिलिन आलं, रक्तपेढ्या उभ्या राहिल्या. युद्धकाळापासून गरोदर बाईला रेशनवर रोज एक पाइंट दूध, संत्र्याचा रस आणि कॉडलिव्हर तेल मिळू लागलं. आणि बाळांचं म्हणाल, तर १९५८ मध्येही हजारातली तीसहून अधिक मृत जन्मत किंवा पहिल्या आठवड्यात जात. हे आकडे असताना ‘काही बिघडलं नाही’ म्हणणं त्या आयांवर अन्याय आहे.

‘औषध नाही.’ सुईणीच्या बॅगेत कळांच्या वेदना कमी करायला पेथिडीन असे. त्याचसाठी नाइट्रस ऑक्साइड आणि हवा यांचं मिश्रण देणारं, डॉ. मिनिट (Minnitt) यांच्या नावाचं यंत्र सुइणींना १९३६ पासून वापरता येत होतं. पण बॅगेतली सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे अर्गोमेट्रिन या गर्भाशय आवळणाऱ्या औषधाची काचेची कुपी. पूर्ण दिवसांच्या गर्भाशयाकडे मिनिटाला अर्धा लिटरहून जास्त रक्त जातं. वार सुटल्यावर गर्भाशय आवळलं नाही, तर बाई काही मिनिटांत हातची जाते. अर्धा लिटर रक्त गेलं की तो धोक्याचा रक्तस्राव मानायचा. मग एका हाताने पोटावरून गर्भाशय चोळून घट्ट करायचं, लघवीची पिशवी भरलेली असेल तर रिकामी करायची (भरलेली पिशवी गर्भाशयाला आवळू देत नाही) आणि अर्धा मिलिग्रॅम अर्गोमेट्रिन स्नायूत टोचायचं. ते लागू पडायला सहा-सात मिनिटं लागतात. तोवर हात काढायचा नाही. जुळ्यांची शंका असेल तर दुसरं मूल बाहेर येईपर्यंत हे इंजेक्शन वर्ज्य, कारण आवळलेल्या गर्भाशयात ते गुदमरतं.

वार पडली तरी काम संपत नसे. ती पाण्याने धुऊन, उताणी पसरून, तिची एकेक पाळी (वारेचा खंड) जुळते का ते पाहायचं. कुठे खळगा दिसला तर तुकडा आत राहिला आहे आणि आता किंवा आठवड्याने रक्त जाणार. वारेला जोडलेल्या पडद्यावर एखादी रक्तवाहिनी काठापर्यंत जाऊन अचानक तुटलेली दिसली, तर सुटी पाळी आत असण्याची शंका. हे नजरेचं शिक्षण आहे.

‘गरम पाणी.’ पाण्याने बाळ जन्मत नाही. ते हात घासायला, सिरिंज-कात्र्या उकळायला, बाईला पुसायला आणि बाळाच्या अंघोळीला. बऱ्याच इमारतींत जिन्यातला एकच नळ कित्येक कुटुंबांत असे, म्हणून पाणी आधी भरून ठेवायला सांगत. गादीवर जाड तपकिरी कागद आणि वर्तमानपत्रं अंथरत. टॉवेलांपेक्षा कागद बरा, कारण तो जाळून टाकता येतो.

‘डॉक्टर नाही.’ ठरावीक लक्षणं दिसताच डॉक्टरला बोलावणं सुईणीला नियमाने बंधनकारक होतं, आणि १९१८च्या कायद्याने त्याची फी आधी स्थानिक प्रशासनाने भरायची सोय केली होती. १९४८च्या जुलैत राष्ट्रीय आरोग्यसेवा आली आणि बाईच्या खिशाचा प्रश्नच उरला नाही. वार अडकली किंवा रक्त थांबेना, तर हॉस्पिटलातून फिरतं पथक निघे: प्रसूतितज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि ओ निगेटिव्ह रक्त. ब्रिटनमध्ये अशी पथकं १९३०च्या दशकात सुरू झाली होती.

‘तपासणी नाही.’ दर भेटीला लघवी तपासत. परीक्षानळीचा वरचा भाग दिव्यावर उकळायचा, गढूळ झाला तर पातळ ॲसिटिक आम्लाचे थेंब टाकायचे. गढूळपणा गेला तर फॉस्फेट, टिकला तर अल्ब्युमिन हे प्रथिन. सोबत रक्तदाब १४०/९० वर आणि बोटातली अंगठी घट्ट, म्हणजे झटक्यांचा धोका. अशा बाईची रवानगी डॉक्टरकडे. पहिलटकरीण, चारपेक्षा जास्त बाळंतपणं झालेली, पूर्वी रक्तस्राव झालेली, मूल पायाळू किंवा आडवं असलेली, अशांसाठी हॉस्पिटलची खाट शोधत. खाटा कमी होत्या, म्हणून त्यांतल्याही काही घरीच राहत आणि त्यांचीच सगळ्यात जास्त काळजी वाटे. १९५०च्या दशकात तीनातलं एक बाळंतपण घरी होण्यामागे हा तुटवडाही होता. म्हणूनच १९५९च्या क्रॅनब्रुक समितीने ७० टक्के बाळंतपणांना पुरतील एवढ्या खाटा मागितल्या.

‘अनुभवावर चालायचं.’ १९०२च्या कायद्याने नोंदणी आली. १९५०च्या दशकात पात्र परिचारिकेलाही सुईणीचं वर्षभराचं वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागे, परिचारिका नसलेलीला दोन वर्षांचं. पर्यवेक्षक येऊन बॅग आणि नोंदवही तपासत.

त्या सेवेतलं उचलण्यासारखं पुष्कळ आहे, विशेषतः बाळंतपणानंतरच्या भेटी: पहिले तीन दिवस सकाळ-संध्याकाळ, पुढे रोज. ताप, नाडी, पोटावर हात ठेवून गर्भाशय रोज किती उतरतंय, बाळाची नाळ, दूध ओढणं, सगळं लिहून ठेवायचं. चौथ्या दिवशी चढलेला ताप त्याच दिवशी कळे, आणि पेनिसिलिन वेळेत सुरू होई.