मामा, ओहम किती?

दहावीला ओहमचा नियम मी ऑप्शनला टाकला होता. त्याने मला ऑप्शनला टाकलेलं नाही, हे चाळीस वर्षांनी गिरगावात, सकाळी साडेसातला, चहाशिवाय कळलं.

इमारतीखाली नोटीस लागली होती. पाइपाच्या कामासाठी गॅस दोन दिवस बंद. नोटिशीवर तारीख कालची, लावली आज. त्यात घरात लंडनहून आलेला भाचा. मी इंडक्शनचं नाव काढून पाहिलं. "आणि भांडी? निम्मी हिंडालियमची आहेत, ती त्यावर तापत नाहीत," एवढ्यावर हिने तो विषय मिटवला आणि माळ्याकडे बोट दाखवलं. तिथे गणपतीच्या मखरामागे वडिलांची कॉइलची शेगडी होती.

ही शेगडी म्हणजे आमच्या घरातलं एक तापट माणूसच. चिनी मातीची तबकडी आणि तिच्या नागमोडी खाचेत बसवलेली नायक्रोमची स्प्रिंग. ती तुटली की वडील जळका तुकडा पकडीने कापून टाकत, उरलेली टोकं एकमेकांत अडकवत आणि म्हणत, "झाली नवी!" तार आखूड झाली की रोध, म्हणजे रेझिस्टन्स (ओहममध्ये मोजतात तो), कमी होतो, रोध कमी झाला की वीज जास्त धावते आणि शेगडी आणखी तापून पुन्हा तुटते, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यामुळे दर दुरुस्तीगणिक ती वयाने म्हातारी आणि रागाने तरुण होत गेली. आई तिच्यापुढे लाकडी पाटावर उभी राहून स्वयंपाक करायची. तरी कधीतरी पातेल्याला हात लागून झिणझिण्या यायच्याच. आम्ही त्याला शेगडीचा प्रसाद म्हणायचो.

खाली काढली तेव्हा कॉइलचे तीन तुकडे झालेले होते. वंशपरंपरेने मी पक्कड उचलली, तोच भाचा म्हणाला, "थांब मामा. ओहम किती?"

हा मुलगा तिकडे बँकेत हिशेब तपासतो. विजेशी त्याचा संबंध चार्जरपुरता. मी विचारल्यावर त्याने मला गॅलरीत नेलं आणि आवाज खाली आणला. सिगरेट त्याने सोडली आहे, पण तिच्या जागी व्हेप धरलं आहे, म्हणजे बॅटरीवर कॉइल तापवून द्रवाची वाफ ओढायची ई-सिगरेट. (ताई, तू हे वाचत असशील तर मधलं सोडून थेट खाली लोहार चाळीच्या बाजारावर ये.) यंत्र तो लंडनलाच ठेवून आला होता, कारण आपल्याकडे 2019च्या कायद्याने ई-सिगरेट बाहेरून आणायलाही बंदी आहे. पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आल्यापासून आठ दिवस तो खिडकीत उभा राहून नुसते सुस्कारे सोडत होता. हिला वाटत होतं, मुलीचं काहीतरी आहे.

"पूर्वी बरं होतं," तो म्हणाला, "वापरून फेकायची मिळायची. 1 जून 2025पासून तिकडे त्यांची विक्री बंद झाली. आता पुन्हा पुन्हा भरायचं यंत्र घ्यायचं आणि त्याची कॉइल आपणच निवडायची."

मग त्याने मला संथा दिली. एक ओहम किंवा त्याहून वरची कॉइल असेल तर दहा-पंधरा वॉट, सिगरेटसारखा आटोपशीर झुरका. अर्ध्या ओहमच्या खाली गेलं की चाळीस, साठ, ऐंशी वॉट आणि तोंडातून कोळशाच्या इंजिनासारखे लोट. वॉटची हद्द कॉइलवरच छापलेली असते. खालून सुरुवात करायची आणि चव जमेपर्यंत एकेक पायरी चढायची. नवी कॉइल घातली की आतला कापूस भिजेपर्यंत पाच-दहा मिनिटं गप्प बसायचं. घाई केली तर कोरडा कापूस जळतो.

"त्याला ड्राय हिट म्हणतात. ती चव, मामा, जन्मात विसरत नाही."

"तार कसली असते रे?"

"कांथल. नाहीतर नायक्रोम."

मी तबकडीकडे पाहिलं. वडिलांनी याच तारेवर बटाटे उकडले, आणि हा फुप्फुसं उकडतोय.

नव्या कॉइलसाठी आम्ही लोहार चाळीतला विजेच्या सामानाचा बाजार गाठला. पहिल्याच दुकानात विचारणा झाली, "किती वॉट? हजार, दीड, दोन?" भाच्याने रेझिस्टन्स किती म्हणून विचारलं. दुकानदार म्हणाला, "भाऊ, गरम होते. रेझिस्टन्स नाय करत." पण माणूस सज्जन. त्याने मीटर लावून दाखवला. हजारवाली त्रेपन्न ओहमच्या आसपास, दोन हजारवाली सव्वीस. साहजिकच मी त्रेपन्नवालीला हात घातला, आकडा मोठा तर जोर मोठा! भाच्याने कपाळाला हात लावला. इथे सगळं उलटं असतं. व्होल्ट तेवढेच असतील तर ओहम कमी म्हणजे वॉट जास्त. त्याच्या बॅटरीत जेमतेम पावणेचार व्होल्ट, म्हणून त्याला अर्धा ओहम पुरतो. आपल्या भिंतीत 230 आहेत, म्हणून आपली कॉइल पन्नासच्या घरातली.

एवढं सगळं नीट समजून घेऊन मी दोन हजारवालीच घेतली. मुंबईत एवढी पायपीट करून लहान वस्तू घेणं माझ्या जिवावर येतं. "खालून सुरुवात करायची" हे भाच्याने दोनदा पुटपुटून पाहिलं.

घरी कॉइल लाल झाली. काय सुंदर दिसत होती! मग मिनिटाभरात पंखा, फ्रिज आणि शेगडी एकदम शांत झाले. दोन हजार वॉट म्हणजे पावणेनऊ अँपिअर, आणि स्वयंपाकघरातला पॉइंट पाचचा. फ्यूजचा किटकॅट उपसून पाहिला तर आत तार नव्हती, नुसती काजळी. पंधरा अँपिअरचा पॉइंट घरात एकच, गीझरचा. मी चाचरत तसं सुचवलं.

"मोरीत चहा होणार नाही," ही म्हणाली.

दुसऱ्या फेरीला भाचा एकटाच गेला. दुकानदाराने म्हणे काही न विचारता हजारवाली काढून ठेवली.

मग फ्रिजचा प्लग काढून, नवी फ्यूज वायर घालून, आम्ही दोघं दुधाच्या पातेल्यावर पहारा देत बसलो. पाव तास दूध ढिम्म हललं नाही. एकविसाव्या शतकातला मनुष्य पहिल्या चहाला केव्हा पोचणार यावर भाच्याशी बोलायला मी मान वळवली, आणि दुधाने तो क्षण साधला. सगळं कॉइलवर. फस्स झालं आणि जळक्या दुधाचा काळा-पिवळा धूर खोलीभर पसरला. हिने पदर नाकाला लावला, मी खिडकीकडे धावलो. भाचा मात्र शेगडीवर वाकून उभा. डोळे मिटून त्याने छातीभर श्वास घेतला, क्षणभर धरून ठेवला आणि सावकाश सोडला.

"अरे, बाजूला हो, ठसका लागेल!"

"राहू दे मामी," तो भरल्या गळ्याने म्हणाला. "अगदी ड्राय हिटची आठवण झाली."

रात्री दिवा मालवल्यावर हिने मला हळूच विचारलं, "ही हिट कोण? पारशी आहे का?"